जुन्या व्हॅनचे मालक : स्वभाव शोधायचा की पार्श्वभूमी?

फोक्सवॅगनची जुनी व्हॅन म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? रंगवलेली फुलं, शांततेचं चिन्ह, लांब केसांची तरुण मंडळी. म्हणजे गाडीचं नाव घेतलं की मालकाचा स्वभावही आपण ठरवूनच टाकतो. बंडखोर असणार, भटका असणार, पैशाची फिकीर नसणार.

"अशा गाड्यांकडे कोणत्या स्वभावाची माणसं ओढली जातात?" हा प्रश्न ऐकायला छान आहे, पण संशोधनाचा प्रश्न म्हणून फसवा आहे. मेलेल्या माणसाच्या स्वभावाचा पुरावा सहसा हाती लागत नाही. पार्श्वभूमीचा मात्र लागतो : धंदा कोणता, गाडी नवी घेतली की जुनी, किंमत किती, तिच्यातून काय वाहिलं. हा पुरावा नीट लावला की एक गोष्ट दिसते. या व्हॅनकडे कोण येणार हे ठरवण्यात स्वभावापेक्षा गाडीच्या वयाचा आणि किमतीचा वाटा मोठा होता. कसा, ते मालकांच्या क्रमानेच बघू.

पहिला मालक : छोटा धंदेवाला

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. आवारात सामान हलवायला तिथे बीटलच्या सांगाड्यावर बांधलेली एक उघडी गाडी वापरत. डच व्यापारी बेन पॉन याने ती पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत एक साधं रेखाचित्र काढलं. डब्यासारखी गाडी, चालक अगदी पुढे, इंजिन मागे, मधली जागा मालाला. मार्च १९५० मध्ये नियमित उत्पादन सुरू झालं. इंजिन ११३१ सीसीचं, ताकद २५ अश्वशक्ती, आणि माल साधारण पाऊण टन.

ही गाडी घेतली कुणी? १९४८ च्या चलनबदलानंतर पश्चिम जर्मनीतली दुकानं पुन्हा भरू लागली होती. बेकरीवाला, खाटीक, प्लंबर, भाजीवाला यांना माल घरोघर पोचवायला वाहन हवं होतं आणि मोठा ट्रक परवडत नव्हता. टपाल, रुग्णवाहिका, अग्निशमन यांसाठीही हीच गाडी वापरली गेली. 'कोम्बी' या प्रकारात मागची आसनं काढता येत. आठवडाभर माल वाहा, रविवारी आसनं बसवून घरच्यांना फिरायला न्या. १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने आत बसवायचं सामान काढलं आणि त्याच गाडीत रात्री झोपायचीही सोय झाली.

या माणसाच्या गाडीवर फुलं नव्हती, दुकानाचं नाव होतं. हे नाव संशोधकासाठी सोन्यासारखं आहे. जुन्या छायाचित्रात पाटी वाचता आली की धंदा आणि गाव दोन्ही कळतात. कंपनीच्या जाहिरातीत दिसणारा ग्राहक वेगळा. तो कंपनीला हवा असलेला ग्राहक आहे, प्रत्यक्षातला असेलच असं नाही.

मध्येच आली कोंबडी

आता अमेरिकेत चला, कारण व्हॅनची आजची ओळख तिथे घडली. १९६० च्या सुमारास स्वस्त अमेरिकन कोंबडी युरोपात मोठ्या प्रमाणावर जात होती. युरोपीय देशांनी तिच्यावर आयातशुल्क वाढवलं. उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के शुल्क लावलं. हाच तो प्रसिद्ध 'चिकन टॅक्स'. फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅन आणि पिकअप या शुल्कात अडकल्या आणि त्यांची आयात फारच घटली. प्रवासी मायक्रोबस मात्र सुटली.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा : पुढच्या काही वर्षांत अमेरिकेच्या सेकंडहँड बाजारात ज्या व्हॅन येणार होत्या, त्यांत खिडक्यांच्या, आसनांच्या, दहाजणांना घेऊन जाता येईल अशा गाड्यांचं प्रमाण वाढणार होतं. ग्राहकाचा स्वभाव बदलायच्या आधी बाजारातला माल बदलला होता. असं कारण मालकांच्या मुलाखतीत कधीच सापडणार नाही, कारण ते मालकांनाही ठाऊक नसतं. त्यासाठी शुल्काचे कागद उघडावे लागतात.

दुसरा मालक : सेकंडहँड घेणारा तरुण

साठच्या दशकाच्या शेवटी पहिल्या पिढीच्या व्हॅन जुन्या झाल्या, म्हणजेच स्वस्त झाल्या. हवेने थंड होणारं इंजिन साधं होतं. रेडिएटर नाही, पाणी गळायची भानगड नाही. १९६९ मध्ये जॉन म्युर यांनी फोक्सवॅगन दुरुस्त करायचं एक पुस्तक स्वतःच छापलं. पूर्वी काहीच येत नसलेल्या माणसालाही इंजिन उतरवता यावं अशा भाषेत ते लिहिलेलं होतं आणि ते प्रचंड खपलं. म्युर स्वतः विमान उद्योगातले इंजिनिअर होते. ती नोकरी सोडून ते न्यू मेक्सिकोत राहायला गेले होते. म्हणजे त्यांचं 'व्यवस्थेबाहेर जाणं' व्यवस्थेत शिकलेल्या कौशल्यावर उभं होतं. इथे 'स्वभाव बंडखोर' एवढंच लिहून थांबलो तर अर्धी गोष्ट सुटते.

त्याच वर्षी वुडस्टॉकच्या महोत्सवात 'लाइट' नावाची रंगवलेली व्हॅन दिसली. तिचं छायाचित्र गाजलं आणि आपल्या डोक्यातल्या हिप्पी व्हॅनमागे त्या छायाचित्राचा मोठा हात आहे. ती बॉल्टिमोरचे कलाकार बॉब हायरॉनिमस यांनी एका संगीत बँडसाठी रंगवली होती. हिप्पीपणाची ही सगळ्यात प्रसिद्ध खूणसुद्धा कामासाठीचीच गाडी होती.

याच काळात पश्चिमेकडचे तरुण इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असा जमिनीवरचा रस्ता धरून दिल्ली-काठमांडूपर्यंत येत. काही गोव्यात हणजुणे, कळंगूटला पोचत. बरेचसे बसने, रेल्वेने येत. काहींकडे निरनिराळ्या कंपन्यांच्या जुन्या व्हॅन असत. १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि हा रस्ता बंद पडला. आपल्या देशात स्वतःला कफल्लक म्हणवणारा हा तरुण एवढ्या सीमा ओलांडू देणारा पासपोर्ट खिशात घेऊन फिरत होता. पार्श्वभूमी तपासायची ती अशी : माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो आणि त्याच्या हातात काय असतं, दोन्ही शेजारी ठेवून.

चित्रात न दिसलेला मालक

दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडचे इसाव जेन्किन्स १९१० साली जन्मले. कृष्णवर्णीय शेतकरी आणि छोटे व्यावसायिक. बेटावरच्या कामगारांना आणि मुलांना चार्ल्सटन शहरात नेण्यासाठी ते चाळीसच्या दशकापासून बस चालवत. त्या काळी मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे आणि कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवायला ही अट सोयीची होती. जेन्किन्स बसच्या प्रवासातच प्रवाशांना तो उतारा वाचायला शिकवू लागले. पुढे १९५७ मध्ये हायलँडर फोक स्कूल, सेप्टिमा क्लार्क आणि बर्नीस रॉबिन्सन यांच्या साथीने बेटावर नागरिकत्वाची शाळा सुरू झाली आणि तिचा नमुना दक्षिणेत दूरवर पसरला.

साठच्या दशकात जेन्किन्स यांच्याकडे १९६६ ची फोक्सवॅगन मायक्रोबस आली. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहून घेतलं होतं की प्रेम म्हणजे प्रगती आणि द्वेष महाग पडतो. १९७२ मध्ये ते गेले. त्यानंतर गाडी कित्येक वर्षं घराच्या आवारात गंजत उभी होती. आज तिच्या पत्र्याचे भाग वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत आणि उरलेली गाडी २०१९ मध्ये नॅशनल मॉलवर प्रदर्शनात ठेवली गेली.

तेच मॉडेल, तोच देश, तीच वर्षं. पण 'व्हॅनवाला म्हणजे कोण' असं विचारल्यावर जेन्किन्स किती जणांना आठवतात? स्वभावाचा साचा आधी ठरवून पुरावा गोळा केला की अशी माणसं गळतात. चूक नुसती आकडेवारीची राहत नाही. मतदानाच्या हक्कासाठी राबलेल्या गाडीची जागा इतिहासात सहलीची गाडी घेते.

शेवटचा मालक : संग्राहक

नंतर गाडीचं वय आणखी वाढलं आणि किंमत उलट दिशेने निघाली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात १९६३ ची २३ खिडक्यांची बस २ लाख डॉलरच्या वर गेली. आता येणारा मालक वेगळा असणारच. त्याच्याकडे पैसा हवा, गॅरेज हवं, वेळ हवा. त्याला मनापासून आवड असेल, पण आवड असूनही ज्याला परवडलं नाही तो आपल्या नोंदीत येतच नाही.

गाड्यांचंही तसंच. दुकानदाराची व्हॅन राबून राबून भंगारात गेली. देखणी प्रवासी बस जपली गेली. आजच्या मेळाव्यात उभ्या असलेल्या गाड्या मोजून १९५५ चा मालक कसा होता हे सांगता येणार नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात 'सर्व्हायव्हरशिप बायस' वाचला असेल, तो हाच.

उलटतपासणी : ब्राझील

आपला मुद्दा खरा असेल तर जिथे ही गाडी जुनी आणि दुर्मीळ झालीच नाही, तिथे चित्र वेगळं दिसायला हवं. ब्राझीलमध्ये कोम्बीचं उत्पादन १९५७ मध्ये सुरू झालं आणि थेट २०१३ च्या डिसेंबरपर्यंत चाललं. २०१४ पासून नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले, ते या जुन्या रचनेत बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती थांबली. तोवर तिथे कोम्बी म्हणजे बाजारकर्‍याची, शाळेच्या मुलांची, टपालाची गाडी होती. नवी मिळतेय तोवर तिला कोण 'व्हिंटेज' म्हणणार? आकार जवळपास तोच, पण माणसं वेगळी. आवड गाडीच्या आकारातच दडलेली असती, तर हा फरक पडला नसता.

आपल्याकडे हाच प्रश्न

एक धागा आपल्यापर्यंतही येतो. हॅम्बुर्गजवळच्या फिडाल आणि सोन या कंपनीने १९४९ मध्ये 'टेम्पो मॅटाडोर' काढली, तिच्यात सुरुवातीला फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. याच कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. 'टेम्पो' हा मराठीत सामान्य शब्द झाला आणि मॅटाडोरने माल वाहिला, लग्नाची वऱ्हाडंही वाहिली. तिचे चालक, मालक, मिस्त्री आज आपल्यात आहेत. उद्या जुन्या मॅटाडोरला भाव आला तर पहिली मुलाखत संग्राहकाची होईल आणि चालकाची राहून जाईल.

म्हणून अशा विषयावर सिनॉप्सिस लिहिताना "कोणत्या स्वभावाची माणसं" या ओळीपाशी थांबा. त्या जागी तीन प्रश्न लिहून बघा. त्या वर्षी ही वस्तू किती जुनी आणि कितीला होती? ती कुणाला घेता येत होती आणि कुणाला नाही? आणि ज्यांच्या वस्तू टिकल्या नाहीत, त्यांचा कागद कुठे सापडेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तेव्हा त्यापासूनच सुरुवात करा.