मनीऑर्डर आणि कोकणातले म्हातारपण

कोकणातल्या घरांत म्हातारी माणसे एकटी पडली, याचे खापर हल्ली मोबाइलवर नाहीतर विभक्त कुटुंबावर फुटते. इतिहास वेगळे सांगतो. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघू लागल्या आणि बघता बघता रत्नागिरी जिल्ह्यातला कर्ता पुरुष चाकरमानी झाला. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलगा घरात नसणे इथे नवे नाहीच. नवे आहे ते, माणसांची गाठ पडण्याची कारणेच सरली हे. पोस्टाने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे अर्धे कोकण तिच्यावर जगले. पोस्टमन ओटीवर टेकायचा, नोटा मोजून द्यायचा, फॉर्मच्या तळाशी मुलाने खरडलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. म्हातारीला सही येत नसेल तर अंगठ्याला साक्षीदार लागे, म्हणून शेजाऱ्याला हाक जाई. तो आला की पावसाचा, भाताचा, गाभण म्हशीचा विषय निघणारच. सरकारी नियमानेच दोन माणसे घरी आणून बसवली होती म्हणा ना! विहीर, खळे, पिठाची गिरण यांचेही तसेच. मुद्दाम भेटायला कोणी जात नसे. कामामुळे भेट होई. पुढे नळ आले, शेते पडीक राहिली, पैसे बँकेत जमा होऊ लागले आणि २०१५ साली पोस्टाने जुनी मनीऑर्डरही बंद केली.

यावर कोणी म्हणेल, त्या काळाचे एवढे कौतुक कशाला? सुनेची तक्रार पोस्टमनकडून लिहून घेता येत नव्हती, आणि विहीर तर सगळ्यांची नव्हतीच; पाण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह कोकणातच, महाडला करावा लागला. हे खरेच आहे. जुना शेजार प्रेमळ होता असा माझा दावा नाही, तो गरजेचा होता. म्हणूनच गरज संपल्यावर तो टिकला नाही. व्हिडिओ कॉलने मुलगा रोज दिसतो, हेही मान्य. पण रात्री न्हाणीघरात पाय घसरला तर उचलायला शेजारीच लागतो, आणि त्याच्याशी बोलणे दोन महिन्यांत झालेले नसते. २०१८ पासून पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन यंत्रावर अंगठा घेऊन घरपोच पैसे देतो. चाकरमान्यांनी निदान ही सोय आईवडिलांना लावून द्यावी आणि गणपतीला गावी गेल्यावर शेजारच्या घरात तासभर बसून यावे.