फडातलं हसू आणि पंडितांची दाद

बारामतीला कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी आर्या रचल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. याच गावाची दुसरी एक आख्यायिका मात्र मला अधिक जवळची वाटते. सोलापूरचा रामजोशी हा शास्त्र्या-पुराणिकांच्या घरातला मुलगा. तमाशाच्या फडात रमला म्हणून घरातून बाहेर पडला. तो बारामतीत आला तेव्हा पंतांनी त्याचं कवन ऐकलं आणि मान डोलावली, असं सांगतात. पुढे तो पंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला. यातलं खरं किती, सजवलेलं किती, ते अभ्यासकांनी ठरवावं. लोकांनी ती गोष्ट दोनशे वर्षं जपली, कारण पंडितानं फडाला दाद द्यावी ही त्यांच्या मनातली इच्छा होती.

ती दाद क्वचितच मिळाली. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम. त्यातली बतावणी म्हणजे मोठ्यांसाठीचा विनोद. सोंगाड्या एक बोलतो, ऐकणारा दुसरंच समजतो. गवळणीत पेंद्या नि मावशी प्रत्यक्ष श्रीकृष्णाचीही थट्टा करतात. जेजुरीचा सगनभाऊ जन्मानं मुसलमान, शिकलगार. त्याची लावणी सगळ्या जातींच्या ओठांवर होती. पण शिकलेल्या मंडळींनी हे सगळं ‘ग्राम्य’ म्हणून बाजूला ठेवलं. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं तमाशावर बंदीच आणली आणि नंतर संहिता तपासून खेळ करू दिले. गंमत पाहा, त्याच सुमारास, १९४७ साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट धो धो चालला. पडद्यावरचा फड चालतो, मैदानातला चालत नाही!

हा हिशेब खऱ्या अर्थानं उलटवला तो दादा कोंडके यांनी. मुंबईतल्या नायगावच्या कामगारवस्तीत वाढलेला हा माणूस मूळचा आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्याचा. १९६५ च्या सुमारास वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं. दादा त्यात हवालदार होत आणि त्या दिवशीच्या पेपरातल्या बातमीवरही जागच्या जागी कोटी करत. आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटातून दादा पडद्यावर आले. १९७१ साली आलेला ‘सोंगाड्या’ हा त्यांनी स्वतः काढलेला पहिला चित्रपट. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागेना. तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी थिएटरवर धडक दिली आणि पुढे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. दादांच्या ओळीनं नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले.

आमच्याकडे ते चित्रपट शहरी थिएटरांपेक्षा तंबूतूनच जास्त पाहिले गेले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, तिकडे वालचंदनगर, जिथे साखर कारखाना तिथे गळिताच्या हंगामात आणि यात्रांना तंबू पडे. मधे कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. जमिनीवर बसायचं, पटकूर घरून आणायचं. ऐंशीच्या दशकात मी पोरवयात होतो, पण एवढं नीट आठवतं : द्वयर्थी वाक्य आलं की पुरुषांकडे लगेच गडगडाट व्हायचा. कनातीपलीकडे क्षणभर शांतता, मग पदर तोंडाला लावून केलेलं हसू ऐकू यायचं, आणि ते बराच वेळ थांबायचं नाही. पुस्तकी समीक्षेत त्या हसण्याची नोंद मला कुठे सापडली नाही.

सध्या घरातली तरुण मुलं अमेरिकेतली मोठ्यांसाठीची कार्टूनं पाहतात. त्यातली ‘फ्युचरामा’ मी त्यांच्यासोबत पाहिली. पिझ्झा पोचवणारा एक पोरगा गोठतो आणि हजार वर्षांनी, २९९९ च्या अखेरच्या दिवशी जागा होतो. मॅट ग्रोनिंग यांची ही मालिका १९९९ साली फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. लेखकांत गणिताचे डॉक्टरही होते. जाणकारांनी वाखाणली, एमी पारितोषिकंही मिळाली. तरी २००३ साली वाहिनीनं तिला घरी बसवलं. रात्री उशिरा लागणारे जुने भाग आणि डीव्हीडींचा खप यांनी ती पुन्हा उभी केली : २०१० मध्ये नवे भाग आले, २०१३ मध्ये पुन्हा थांबले, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाले. तिथे समीक्षक सोबत होते, प्रसारणाची वेळ मात्र हातची गेली. दादांचं उलटं झालं. प्रेक्षक सोबत होते, समीक्षक नव्हते. दोन्हीकडे निभावून नेलं ते प्रेक्षकांनीच.

याचा अर्थ टीकाकार सगळेच चुकले असा मी काढत नाही. ‘सोंगाड्या’तला भोळा नाम्या स्वतःच थट्टेचा विषय असतो, म्हणून ते हसू निर्मळ आहे. पुढच्या चित्रपटांत, विशेषतः हिंदीतल्या, थट्टा नायकावरून सरकून बाईच्या अंगावर आली. बतावणीतली मावशी पुरुषच असतो आणि ती उलट टोला हाणते. पडद्यावरच्या नायिकेच्या वाट्याला तो टोला फारसा आला नाही. हे कुणीतरी तेव्हाच, दादांच्या हयातीत, त्यांच्या प्रेक्षकांच्या भाषेत सांगायला हवं होतं. ‘ग्राम्य’ एवढा एकच शब्द लिहून टीकाकार मोकळे झाले. दादा १४ मार्च १९९८ रोजी गेले. तोवर तंबूही विरळ झाले होते; बाया घरातल्या टीव्हीसमोर बसत होत्या, आणि तिथे मधे कनात नव्हती.