सुवर्णदुर्गाचे सेव्हर्नड्रूग

हर्णे बंदरातून होडीने सुवर्णदुर्गाकडे निघाले की तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. समोर नुसता काळा तट. मग होडी पूर्वेच्या अंगाला वळते आणि बुरुजांच्या आड दडलेला दरवाजा एकदम पुढ्यात येतो. पायरीवर कोरलेले कासव, तटावर मारुती. कान्होजी आंग्र्यांचे नाव पहिल्यांदा गाजले ते याच किल्ल्यावरून.

याच किल्ल्याच्या नावाचा एक मनोरा लंडनला आहे. आग्नेय लंडनमधल्या शूटर्स हिलवर, झाडीत, तीन कोनांचा, ६३ फूट उंच. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल.

'दुर्ग'चे 'ड्रूग' इंग्रजांनी सर्रास केले. विजयदुर्गाचे व्हिझियाड्रूग झाले, चित्रदुर्गाचे चितलड्रूग. 'सुवर्ण'चे 'सेव्हर्न' होण्यात मात्र मला त्यांच्या घरची ओढ दिसते. सेव्हर्न ही त्यांची नदी, जिभेवर बसलेले नाव. पुढे १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने टिपूचा बंगळुरूजवळचा सावनदुर्ग घेतला, तेव्हा त्यालाही त्यांनी सेव्हर्नड्रूगच म्हटले. म्हणून जुनी इंग्रजी पुस्तके चाळताना सावध राहावे लागते. एक सेव्हर्नड्रूग समुद्रात, दुसरा डोंगरावर.

मनोऱ्याच्या शिळेवर तारीख आहे २ एप्रिल १७५५. त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने 'प्रोटेक्टर' जहाजावरून सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. शिळा किल्ला त्याच दिवशी पडल्याचे सांगते, पण लढाई दुसऱ्या दिवशीही चालली. समुद्राकडच्या तटाचे फारसे बिघडेना, तेव्हा जेम्सने जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणले. आज हर्ण्याहून होडी जाते ती याच पाण्यातून. एका गोळ्याने आतल्या छपराला आग लागली, ती दारूकोठाराला भिडली, आणि मग किल्ला टिकला नाही.

शिळेवर या किनाऱ्याला मलबार म्हटले आहे. कोकणचे नाव नाही. आणि दुसरी गोष्टही नाही, जी मला आजही सलते: ही मोहीम एकट्या इंग्रजांची नव्हती. तेव्हा किल्ल्याचा धनी असलेला तुळाजी आंग्रे आपल्याला जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी कंपनीशी हातमिळवणी केली. त्यांच्या वतीने बोलणी करणारे होते रामाजी महादेव, आणि मोहिमेत पेशव्यांची गलबतेही होती. किल्ला पुढे पेशव्यांच्या हाती आला खरा, पण पुढच्याच वर्षी विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. कंपनीच्या जहाजांना दस्तक मागण्याची धमक असलेले आरमार आपल्याच हातांनी आपण बुडवले. १८०२ साली यशवंतराव होळकरांपुढे हरलेला दुसरा बाजीराव पळून आला तोही सुवर्णदुर्गावरच, आणि तिथून गेला वसईला, इंग्रजांच्या आश्रयाला.

जेम्स सरदारकी मिळवून, कंपनीचा अध्यक्ष होऊन १७८३ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या विधवेने, लेडी जेम्सने, वास्तुकार रिचर्ड जपकडून हा मनोरा बांधवून घेतला. जागा उंच. म्हणून जनरल विल्यम रॉय याने ग्रीनिच आणि पॅरिस या वेधशाळांमधले अंतर नेमके काढायच्या मोजणीत मनोऱ्याचा उपयोग केला. किल्ल्याचे बिघडलेले नाव असे इंग्रजांच्या मोजणीच्या कागदांत गेले. पुढे मनोरा बरीच वर्षे बंद होता, तो २०१४ साली दुरुस्त करून लोकांसाठी पुन्हा उघडला.

हर्ण्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे वाळूवर मांडलेले, बोली चढत असते आणि मागे पाण्यात सुवर्णदुर्ग काळा पडत जातो. मला वाटते, तिथेच कुठेतरी किनाऱ्यावर मराठीत एक पाटी असावी. तारीख तीच, २ एप्रिल १७५५. नावे मात्र तीन: विल्यम जेम्स, रामाजी महादेव, तुळाजी आंग्रे.