शुश्रूषेचा भार कोणी उचलायचा?

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे ऐकणे, मग गुरूची सेवा आणि पुढे रुग्णाची देखभाल, असा त्याचा अर्थविस्तार होत गेला. मराठीत हा शब्द कर्तव्य आणि माया यांच्या गोतावळ्यात वावरतो. वेतन, वर्गणी, विमा या शब्दांशी त्याची सोयरीक सहसा जुळत नाही. ती जुळवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकातील कामगार कायद्यांनी केला, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यांच्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. प्रसूतीच्या रजेतील भत्ता सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून द्यावा, असे तेथील करारात नमूद झाले. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, तो मात्र मालकावर भार टाकणारा होता. १९२८ साली कायदेमंडळात या विधेयकाची बाजू घेताना डॉ. आंबेडकरांनी भाराचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा, हे मान्य केले होते. हा मुद्दा केवळ हिशेबाचा नव्हे. भार एकट्या मालकावर पडला, की स्त्रीला कामावर घेणेच त्याला महाग वाटू लागते. विमा तो भार अनेकांत वाटून देतो.

आपल्याकडे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ही वाट धरली आणि प्रसूतिलाभ मालक व कामगार यांच्या वर्गणीतून देऊ केला. पण त्या योजनेबाहेरच्या स्त्रियांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने भार पुन्हा मालकाकडे सोपवला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, तेव्हाही तो तेथेच राहिला.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने कुटुंबासाठी १२ आठवड्यांची रजा दिली, परंतु बिनपगारी. कॅलिफोर्नियाने पुढचे पाऊल टाकले. तेथे कामगारांच्या वर्गणीवर चालणारा आजारपणाचा विमा १९४६ पासून होता. २००२ साली कायदा करून त्यालाच कुटुंबरजेची जोड देण्यात आली. १ जुलै २००४ पासून नवजात अर्भकासाठी, तसेच आजारी आई-वडील, जोडीदार किंवा अपत्य यांच्यासाठी सहा आठवडे वेतनाचा काही अंश मिळू लागला. २०२० साली ही मुदत आठ आठवडे झाली. या कायद्यात उणीवही होती. पैसे मिळत, पण नोकरी राखून ठेवण्याची हमी त्यात नव्हती. ती अन्य कायद्यांत शोधावी लागे. ज्याला नोकरी जाण्याचे भय आहे, तो हक्काची रजाही मागत नाही.

ज्या देशाच्या राजधानीत १९१९ चा करार झाला, तेथे खाजगी नोकरदारांसाठी देशव्यापी सवेतन कुटुंबरजा आजही नाही. आपल्या विम्याने बाळंतिणीला ओळखले. पक्षाघात झालेल्या वडिलांच्या उशाशी बसलेल्या नोकरदार मुलीला अद्याप ओळखलेले नाही. तिच्या सेवेचा आपण गौरव करतो. त्या गौरवाआड तिचा बुडालेला पगार दडून राहतो, हे आपल्या भाषेच्या अभ्यासकांनी तरी नजरेआड करू नये.