तंगूस, बोयाच्या गरीचा

बोया लावून नदीत गरीने मासे धरताना वापरायची नायलॉनची एकपदरी दोरी. गोव्याच्या पेडणे तालुक्यात तेरेखोल व शापोरा, डिचोलीत मांडवी व वाळवंटी या नद्यांच्या काठी, बांधांवर आणि खाजनांच्या मानशींपाशी (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांपाशी) ती चालते. ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केले. त्याआधी सुती, तागाच्या किंवा रेशमी दोऱ्या असत.

दोरीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.४० मिमीची दोरी ०.२० मिमीच्या साधारण चौपट ओढ सोसते. एवढे ऐकून नवखा जाड दोरी घेतो आणि तिथेच फसतो. जाड दोरीवर धारेचा जोर जास्त बसतो, रिळाची वेटोळी तिच्यातून जात नाहीत, आणि बोया आमिषासकट भलतीकडे ओढला जातो. काळुंदर माशाचे तोंड लहान, पिठाची गोळी तो हळूच टिपतो, त्याला ०.२० मिमी पुरे. तांबशाची गोष्ट निराळी. गळ लागताच तो खारफुटीच्या मुळांत घुसतो आणि मुळांवरच्या कालवांच्या धारेने बारीक दोरी कापली जाते. तिथे ०.३५ मिमीच्या खाली जाऊ नये. एरवी वरची दोरी जाड आणि गळाजवळची हातभर बारीक ठेवणे शहाणपणाचे: अडकली तर गळ जातो, बोया वाचतो. फ्लुरोकार्बनचा तंगूस पाण्याहून सुमारे पावणेदोन पट जड असल्याने बुडतो. बोयाच्या वर तो नको, खाली चालेल.

खरे कसब हाताळणीत आहे. ओहोटीला धार लागली की काठी आणि बोया यांच्यातल्या दोरीला पोट पडते. ते वाढण्याआधी काठी उचलून दोरी अलगद धारेच्या वरच्या अंगाला टाकायची. बोया हलता कामा नये. पोट तसेच राहिले, तर मासा लागल्यावर दिलेला झटका दोरी सरळ होण्यातच खर्ची पडतो.

गाठ ओली करूनच आवळावी. कोरडी आवळल्यास घासून नायलॉन कमजोर होते. मासा काढल्यावर गळाजवळची दोरी नखांच्या चिमटीतून ओढून पाहावी, खरखर लागली तर तेवढी कापून टाकावी. दोरीला लावायचे शिसे दाताने चेपण्याची खोड मात्र सोडलेली बरी.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा पावसामुळे नद्यांना तांबडे पाणी येते. त्यात दोरी दिसत नाही, म्हणून जाडी एक पायरी वाढवायला हरकत नसते.