नफा शंभर कोटींचा, हातात हजार रुपये

बँकेला नफा होतो म्हणजे नक्की काय होतं? गणित तसं साधं आहे. कर्जावरचं व्याज घ्या, त्यातून ठेवीदारांचं व्याज, पगार-भाड्याचा खर्च आणि बुडू शकणाऱ्या कर्जांसाठीची तरतूद वजा करा. उरला तो नफा. व्याजदर, मंदी या गोष्टी बँकेच्या हातात नसतात. पण कर्ज कोणाला द्यायचं, एकालाच किती द्यायचं आणि ते थकलं की तसं कबूल करायचं का, हा सगळा घरचाच मामला. खरी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे.

पीएमसी बँकेचंच बघा ना. १९८४ साली मुंबईत एका शाखेने सुरू झालेली ही सहकारी बँक २०१९ पर्यंत १३७ शाखांची झाली होती. २०१८-१९ चा नफा जवळपास १०० कोटी, थकीत कर्जं चार टक्क्यांच्याही आत. कागदावर सगळं झकास! आणि सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले: सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. लोक शाखांबाहेर अक्षरशः रडत होते.

झालं असं होतं, की सुमारे ७० टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलं होतं. ते थकीत दाखवलं असतं तर तरतुदीपायी नफाच काय, भांडवलही धुऊन गेलं असतं. म्हणून, पोलिसांतल्या तक्रारीनुसार, ४४ मोठ्या खात्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती तपासणीच्या यादीत घातली गेली. गंमत म्हणजे ती बँकेच्या मूळ प्रणालीत नव्हतीच! आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस एक आणि रिपोर्ट भलताच. दोन्ही ताडून बघायला एक साधी क्वेरी पुरली असती.

जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी असलेल्यांना मात्र हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत थांबायचं आहे. निवृत्त माणसाला दहा वर्षं म्हणजे किती, विचार करा.

तेव्हा नफ्याचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. बँकेने कर्ज किती जणांत वाटलंय, ते आधी बघा. आणि पाच लाखांवरची रक्कम एकाच बँकेत ठेवू नका, कारण ठेवविमा तेवढ्यापुरताच आहे.