वांगे पोखरणारी अळी : नावांचा आणि व्यवहाराचा इतिहास

१

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी मळीच्या जमिनीत पिकणाऱ्या वांग्याची कीर्ती दक्षिण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या वांग्याचा प्रमुख शत्रू असलेली अळीही तितकीच परिचित आहे. वांगे चिरताना ती न पाहिलेली गृहिणी कोल्हापूर परिसरात क्वचितच सापडेल. असे असूनही या अळीचा इतिहास मराठीत स्वतंत्रपणे मांडला गेल्याचे सहसा आढळत नाही. फळाचा इतिहास भाषाशास्त्रज्ञांनी शोधला, किडीचा इतिहास कीटकशास्त्रज्ञांनी लिहिला आणि किडक्या फळाचा हिशेब शेतकऱ्याने एकट्याने ठेवला. हे तीन धागे एकत्र आणले असता असे दिसून येते की, या प्राण्याला नाव कोणी दिले व कोणत्या अवस्थेला दिले, या प्रश्नाचा संबंध केवळ कोशरचनेशी नाही. शेती, व्यापार व शासकीय निर्णय यांच्याशीही तो प्रत्यक्ष निगडित आहे.

२

प्रथम फळाच्या नावाचा विचार करणे सोयीचे होईल. संस्कृतात या फळाला वार्ताक, वृन्ताक, भण्टाकी, वातिंगण अशी अनेक नावे आहेत. सुश्रुतसंहितेसारख्या प्राचीन वैद्यकग्रंथात वार्ताकाचा उल्लेख येतो. यांपैकी ‘वातिंगण’ या रूपाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे. फारसीतील ‘बादिंगान’ व अरबीतील ‘बाज़िंजान’ ही रूपे त्याच्याशी जोडली जातात. अरबी शब्द आपल्या ‘अल’ या उपपदासह स्पेनच्या द्वीपकल्पात गेला, तेथे कॅटलान भाषेत ‘अल्बर्जिनिया’ झाला आणि पुढे फ्रेंचमध्ये ‘ओबर्जिन’ म्हणून रूढ झाला. पोर्तुगीजांनी त्याचे ‘बेरिंजेला’ केले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर हाच शब्द भारतात परतला आणि येथील इंग्रजीत ‘ब्रिंजल’ बनला. मूळ शब्दाच्या मागे द्राविड रूप असावे, असे मानणारे अभ्यासकही आहेत. कोल्हापूरच्या सीमेपलीकडे कन्नडात या फळाला ‘बदनेकाई’ हे नाव आहे.

एवढ्या विपुल नामसंपत्तीच्या तुलनेत फळातील प्राण्याचे नाव अगदी सामान्य आहे. मराठीत तो केवळ ‘अळी’ किंवा ‘कीड’ आहे. यांपैकी ‘कीड’ हा शब्द संस्कृत ‘कीट’ यापासून आलेला असून तो कोणत्याही पिकाच्या कोणत्याही उपद्रवी जिवाला लागू पडतो. या शब्दांबरोबर योजली जाणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. मराठीत कीड ‘लागते’ आणि अळी ‘पडते’. ती कोणी आणली, कोणापासून जन्मली, याची विचारणा या प्रयोगांत नाही. पाऊस पडावा तशी अळी पडते. रात्री उडणारा लहानसा पतंग आणि फळातील अळी हे एकाच जीवनाचे दोन भाग आहेत, ही जाणीव व्यक्त करणारा एकही रूढ शब्द लोकव्यवहारात आढळत नाही. ‘शेंडे व फळे पोखरणारी अळी’ हे आज कृषिसाहित्यात रूढ असलेले नाव वर्णनात्मक आहे आणि तेही अळीचेच आहे.

३

शास्त्रीय परंपरेने नेमकी उलट दिशा स्वीकारली. व्यवसायाने वकील असलेल्या आशिल गेने या फ्रेंच अभ्यासकाने १८५४ साली पतंगांवरील आपल्या ग्रंथात ‘ल्यूसिनोडिस’ ही प्रजाती स्थापन केली आणि तिच्यात ‘ऑर्बोनॅलिस’ या आशियाई जातीचे वर्णन केले. प्रजातिनामाच्या आरंभी ‘पांढरा’ या अर्थाचा ग्रीक शब्द ओळखता येतो आणि पतंगाच्या पांढुरक्या, तपकिरी-गुलाबी ठिपक्यांच्या पंखांना तो साजतो. जातिनामाचा पूर्वभाग ‘ऑर्बोना’ या रोमन देवतेच्या नावाशी जुळतो. अपत्यहीन झालेल्या मातापित्यांशी या देवतेचा संबंध होता. अखेरचा ‘-अॅलिस’ हा प्रत्यय या गटातील पतंगांच्या नावांना लावण्याचा प्रघात लिनियसपासूनचा आहे. संग्रहात टाचणीने टोचलेला पतंग पाहून दिलेले हे नाव आहे. त्यात वांगेही नाही आणि अळीही नाही. पुढे जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पतंगांचा चौथा खंड १८९६ साली प्रसिद्ध केला, त्यातही या जातीची नोंद पतंग म्हणूनच झाली.

हे दोन अर्धे भाग एकत्र आणण्याचे कार्य उपयोजित कीटकशास्त्राने केले. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली कृषिसंशोधनसंस्था स्थापन झाली. तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानातील उपद्रवी किडींवरील ग्रंथ १९०६ साली निघाला. पिकाला होणाऱ्या हानीपासून आरंभ करून किडीच्या सर्व अवस्थांचा मागोवा घेण्याची पद्धत या काळात दृढ झाली.

त्या पद्धतीने ज्ञात झालेला जीवनक्रम थोडक्यात असा आहे. मादी कोवळी पाने, शेंडे, कळ्या व फळाचा देठाकडील पुष्पकोश यांवर सुटी सुटी अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते आणि थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. प्रवेशाचे छिद्र ती आपल्या विष्ठेने बुजविते. उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे व थंडीत त्याहून अधिक काळ आत राहून ती पूर्ण वाढते. मग बाहेर पडून जमिनीवरील पाल्यापाचोळ्यात चिवट कोष विणते आणि आठवड्या-दीड आठवड्यात पतंग होऊन उडते. याचा अर्थ असा की, औषधाचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचू शकेल असा काळ अंड्यातून निघण्यापासून फळात शिरेपर्यंतचा, म्हणजे अवघ्या काही तासांचाच असतो. तो क्षण केव्हा येईल हे ठाऊक नसल्याने शेतकरी पुनःपुन्हा फवारणी करतो. एका हंगामातील फवारण्यांची संख्या वाढत जाते, खर्च वाढतो आणि विषाचा अंश बाजारापर्यंत जातो. याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणून भागणार नाही. किडीची रचना आणि डाग नसलेल्या फळालाच भाव देणारी बाजारपेठ यांनी मिळून त्याला या मार्गाला लावले आहे.

४

महाराष्ट्राच्या धर्माचारात वांग्याला विशिष्ट स्थान आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा व वांगे यांचे पदार्थ करून खातात आणि नंतर चातुर्मासात अनेक घरांत ते वर्ज्य होतात. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत व बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य दाखविल्यानंतर अनेक कुटुंबांत वांगे पुन्हा ताटात येते. या दिवसाला वांगेसट असेही म्हणतात. पावसाळ्यात वांगी किडकी असतात म्हणून हा निषेध, अशी उपपत्ती पुष्कळदा सांगितली जाते. उष्ण व दमट हवा या किडीला मानवते, हे खरे. तथापि केवळ त्यावरून निषेधाचे मूळ किडीत शोधणे घाईचे ठरेल, कारण तोच निषेध कांद्यालाही आहे आणि कांद्यात ही अळी पडत नाही. निषेधाचे पालनही सर्वत्र सारखे नव्हते. ‘पुराणातली वांगी पुराणात’ ही म्हण सांगणारा आणि वागणारा यांतील अंतराची साक्ष देते. एवढे मात्र म्हणता येईल की, किडक्या वांग्याचा अनुभव समाजात इतका सार्वत्रिक होता की, जुन्या आचाराला कारण देताना तोच सहज पुढे आला.

५

शास्त्रीय नाव एकदा ठरले म्हणजे ते निर्दोष राहते, हा समजही या प्रजातीच्या इतिहासाने खोटा ठरविला. गेने यांनी १८५४ मध्येच दक्षिण अमेरिकेतील टोमॅटो पोखरणारी एक जात ल्यूसिनोडिसमध्ये घातली होती. १९४८ साली कॅप्स यांनी नव्या जगातील जातींची छाननी करून तिच्यासाठी ‘निओल्यूसिनोडिस’ ही वेगळी प्रजाती स्थापन केली. टोमॅटो अमेरिकेतून भारतात आला, परंतु त्याची ही मूळ वैरीण अमेरिकेतच राहिली, हा इतिहासातील एक सुदैवी अपवाद मानावा लागेल.

आफ्रिकेच्या बाबतीत चूक अधिक काळ टिकली. तेथील वांगीवर्गीय फळांत सापडणाऱ्या अळ्यांना दीर्घकाळ ऑर्बोनॅलिस हेच नाव दिले जात होते. २०१५ साली मॅली व त्यांचे सहकारी यांनी पंखांवरील खुणा, जननेंद्रियांची रचना, अळ्या आणि आनुवंशिक द्रव्य तपासून दाखविले की, त्यांनी पाहिलेल्या आफ्रिकी नमुन्यांपैकी एकही या आशियाई जातीचा नव्हता. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आठ स्थानिक जाती असून त्यांपैकी सात तोपर्यंत शास्त्राला अज्ञात होत्या. वडाची साल पिंपळाला लावण्याचा हा प्रकार निरुपद्रवी नव्हता. युरोप व अमेरिका खंडांतील बंदरांवर आयात फळांची तपासणी जातिनामाच्या आधारे होते आणि नाव चुकले की दोषही चुकीच्या प्रदेशाकडे जातो. भारतीय शेतकऱ्याला अशा तपासणीचे महत्त्व १ मे २०१४ पासून चांगलेच कळले. मालात किडी आढळल्यामुळे युरोपीय संघाने त्या दिवसापासून भारतातील हापूससह आंबे, तसेच वांगी व आणखी तीन भाज्या यांची आयात काही काळ बंद केली होती.

६

या किडीवरील सर्वांत मोठा वाद मात्र महाराष्ट्रातून सुरू झाला. जालना येथील महिको या बियाणे कंपनीने जिवाणूतील एक जनुक वांग्यात घालून अळीला मारक ठरणारे बीटी वांगे तयार केले. धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने या तंत्राचा उपयोग ज्या स्थानिक जातींवर केला, त्यांत मांजरी गोटा, कुडची लोकल व रबकवी लोकल ही नावे होती. कुडची हे कृष्णाकाठचे, बेळगाव जिल्ह्यातील गाव. पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून राखलेली आणि गावाचे नाव धारण करणारी वाणे अशा रीतीने प्रयोगशाळेच्या कागदपत्रांत आली. या वाणांच्या वापरासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आवश्यक ती संमती घेतली गेली होती काय, असा प्रश्न २०१० मध्ये उपस्थित झाला आणि तो राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणापुढे गेला.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय समितीने बीटी वांग्याला अनुकूल निर्णय दिला. त्यानंतर पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपुरासह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशाने मात्र ऑक्टोबर २०१३ मध्ये चार बीटी वाणांना मान्यता दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपे दिली. फवारणी कमी होईल, हा समर्थकांचा मुख्य मुद्दा होता. वांग्याचे मूळ ज्या भूभागात आहे तेथील वाणांची विविधता, बियाण्यावरील स्वामित्व आणि दीर्घकालीन परिणाम हे विरोधकांचे मुद्दे होते. अळी मारणारे हे जनुक तुडतुडे किंवा पांढरी माशी यांना आवरत नाही, हेही दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे लागते.

७

या वादाच्या गदारोळात एक साधन काहीसे उपेक्षित राहिले. या पतंगाच्या मादीचा गंध १९८७ साली रासायनिक दृष्ट्या ओळखला गेला आणि त्यावर आधारित कामगंध सापळे पुढे प्रचारात आले. सापळ्यात नर पतंग सापडतात. त्यामुळे किडीचे आगमन कळते आणि आंधळ्या फवारणीस आळा बसू शकतो. किडलेले शेंडे खुडून व पोखरलेली फळे वेचून नष्ट करण्याची रीत यास जोडली तर तिचा परिणाम वाढतो. ही रीत कष्टाची आहे आणि शेजारच्या शेतांनी साथ दिल्याशिवाय ती पुरी पडत नाही, ही तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

भाषेच्या दृष्टीने या सापळ्याचे महत्त्व वेगळेच आहे. शेतकऱ्याने अळीला ओळखले, परंतु पतंगाला नाव दिले नाही. शास्त्रज्ञाने पतंगाला नाव दिले, परंतु त्या नावात शेत नव्हते. सापळ्याजवळ उभा राहून पतंग मोजणारा शेतकरी या दोन अपुऱ्या ज्ञानांना प्रथमच जोडतो. अळी ‘पडत’ नाही, ती घातली जाते, हे त्याला तेथे डोळ्यांनी दिसते. बीटी वाणांविषयीचा निर्णय पुढे काहीही होवो, जो शेतकरी ते बी पेरणार किंवा नाकारणार, त्याच्या भाषेत या प्राण्याचे संपूर्ण जीवन सांगणारी परिभाषा असणे ही त्या निर्णयाची पूर्वअट आहे. ती परिभाषा घडविण्याचे काम कीटकशास्त्राच्या अभ्यासकांइतकेच मराठीच्या अभ्यासकांचेही आहे.